केरबा पडतो

डब्यावर गंज, गंजाखाली कुणाचं तरी अक्षर:
'केरबा. विनोदी. अपुरे.'
उघडला तर ओल्या मोज्यांचा वास.
कुजायला लागलेली फीत अशीच येते वासाला,
त्यात केरबाची काही चूक नाही.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या या गार खोलीत
मी हातमोजे घालून त्याला उलगडते.
एका सेकंदाला सोळा केरबा,
आणि सोळांतला एकही
अजून पडलेला नाही.

जन्म तांबट आळीतला. बाप हंडे ठोकायचा,
काका, आजा, समोरचा, मागचा,
आख्खी आळी ठोकायची
उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत.
नवव्या वर्षी केरबाच्या कानांनी राजीनामा दिला.
आईनं हाक मारली, तो वळला नाही.
बापानं हातोडी खाली ठेवली,
तेव्हा वळला.
तळव्यांतून कळायचं म्हणे त्याला.

(हे त्यानं एका मुलाखतीत सांगितलं...
छे, त्याची मुलाखत कोण घेणार?
पुतणीनं सांगितलं, ताराक्कांनी,
कसब्यातल्या दुसऱ्या मजल्यावर,
चहा पार निवेपर्यंत.)

कंपनीला शिडीवरून पडायला माणूस हवा होता.
पडण्याचे चार आणे, नीट नाही पडलं तर
पुन्हा पडण्याचे दोन.
दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडून ओरडून बसला,
मग केरबानंच खुणेनं सुचवलं:
पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधा.
ओढलीत की पडतो.

बारकाईनं पाहिलं तर दिसते सुतळी,
जिलब्यांच्या परातीमागून गेलेली.

माझ्याकडे तो अकरा मिनिटं आहे.
त्यात हौदात पडतो, परातीत पडतो,
सायकलसकट सासऱ्यावर पडतो,
आणि दरवेळी
तीन पावलं भरभर,
मग थांबतो, पागोटं सावरतो,
जणू खाली कुणी बघायला आलंय त्याला,
मग पडतो.

पत्र्याच्या थेटरात तो स्वतः
पडद्यासमोर मातीत बसायचा, चपला काढून.
हशा त्याला जमिनीतून यायचा.
पेटीवाला काय वाजवतो, कोण शिट्ट्या मारतं,
याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

पुढे पडदा बोलायला लागला.
केरबालाही बोलावलं, जुना माणूस म्हणून.
सुतळी ओढली. तीन पावलं. पागोटं. धप्प.
ध्वनिमुद्रकानं कानावरचं यंत्र काढलं,
म्हणाला, पडल्याचा आवाज फार येतो.
गादी घातली, तरी आला.
गवत घातलं, तरी
हाडांचा यायचा तो आलाच.
कुणी हसेना.
इतकी वर्षं ह्याला लागत होतं,
हे मंडळींना त्या दुपारी कळलं.

मग तीस-एक वर्षं पुन्हा हंडे, घंगाळी, बंब.
रविवारी ताराक्कांना खांद्यावर घेऊन
न चुकता बोलपटाला.
येताना तोच तो प्रश्न, हातवारे करून:
लोक म्हणतात सगळं बदललं.
काय बदललं?

शेवटच्या चौकटींत तो कठड्यावर आहे.
एक, दोन, तीन पावलं. हात पागोट्याशी.
पुढची फीत मधासारखी चिकट,
त्यापुढे तपकिरी भुकटी.
नोंदवहीत मी लिहिते: स्थिती वाईट.
'अपुरे' तसंच ठेवते.

निघताना ताराक्कांनी तपेली दाखवली,
त्याच्या हातची.
म्हणाल्या, कल्हई केलीय, पण ठोके बघ कसे,
गिऱ्हाइकं नावं ठेवायची,
सारखे पडत नाहीत म्हणून.
मी काठाशी अंगठा ठेवून फिरवत गेले.
तीन लहान, लागून लागून.
मग बोटभर गुळगुळीत जागा.
मग एक खोल.